चारचौघांसारखाच पितो म्हणता म्हणता: दारूचं व्यसन आणि वेगवेगळे समाज

अमलताश

मी गोव्यात आरोग्य क्षेत्रात काम करते. दारूचं व्यसन हा विषय कामामुळे रोजचा झाला आहे आणि त्यावर जमेल तसं वाचनही चालू असतं. वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की होत गेली, ती इथे मांडते. अनुभव आणि आक्षेप दोन्ही हवे आहेत.

शरीराचं गणित जगभर जवळपास एकच आहे. ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस यांनी १९७६ साली दारूच्या अवलंबित्वाची लक्षणं एकत्र मांडली, ती आजही निदानाच्या मुळाशी आहेत. पूर्वीइतक्या दारूने चढेनासं होणं, उतरली की हात थरथरणं, घाम फुटणं, झोप उडणं, ते थांबवायला सकाळीच उतारा घेणं, दिवसाची सगळी आखणी दारूभोवती फिरू लागणं. मधे बरेच दिवस सोडली तरी पुन्हा सुरू केल्यावर काही दिवसांतच जुन्या मुक्कामी पोचणं हेही त्यातलंच. हे मडगावात दिसतं तसंच मॉस्कोतही दिसतं.

फरक पडतो तो हे सगळं कुणाच्या लक्षात कधी येतं यात. 'मी काय वेगळं करतो? चारचौघांसारखाच पितो' हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. जिथे चारचौघं रोज पितात तिथे रोज पिणारा डोळ्यांवर येत नाही. जिथे चारचौघं शनिवारी शुद्ध हरपेपर्यंत पितात तिथे शनिवारी पडलेला माणूस कुणाला खटकत नाही. आणि जिथे कुणीच पीत नाही तिथे माणूस पहिल्या घोटापासून लपतो आणि सगळ्यात उशिरा सापडतो. संस्कृती व्यसन वाढवते की रोखते यावर आपण खूप वाद घालतो. ती व्यसन कुठे दडवते हे आधी शोधायला हवं, असं मला वाटतं.

हे मोजमापातही शिरतं. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही प्रश्नावली ऑस्ट्रेलिया, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको, नॉर्वे आणि अमेरिका या सहा देशांतल्या अभ्यासातून तयार झाली. प्रश्न दहा, गुण ४०, आणि ८ किंवा त्याहून जास्त भरले की धोक्याचं पिणं असा ढोबळ हिशोब. एकाच प्रश्नावलीने जगभर मोजता यावं म्हणून ती मुद्दाम अशी अनेक देशांत घडवली गेली, आणि ती खरोखर उपयोगी आहे. पण त्यातले प्रश्न बारकाईने बघा. 'दारूमुळे तुमच्याकडून अपेक्षित असलेली कामं राहून गेली का?' ज्या घरात संध्याकाळी सातनंतर पुरुषाकडून कसलीच अपेक्षा नसते तिथे याचं उत्तर 'नाही' असंच येणार. 'पिल्यानंतर अपराधी वाटलं का?' माळकरी घरातला मुलगा एका बिअरनंतर 'हो' म्हणेल, आणि रोज खंबा संपवणारा कंत्राटदार 'छे, कशाला?' म्हणेल. दहावा प्रश्न तर सरळच आहे: 'नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टरने काळजी व्यक्त केली का?' कुणाला काळजी वाटलीच नसेल तर गुण शून्य.

भारताचे आकडेही पाहण्यासारखे आहेत. एम्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के निघाले. पुरुषांत २७.३, स्त्रियांत १.६. सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे असा त्यांचा अंदाज, आणि अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं त्यात आढळलं. उरलेले ३७ कुठे आहेत, हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे.

खाडीकाठ

छान विषय, ताई. आमचा गाव बार्देशातला. आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, रोट आणि सोरो (दारू) दाखवतात, त्याशिवाय शेताभाताचं काम पुढे सरकत नाही. मार्च उजाडला की हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, येतो, पाहुण्याला तो न देणं म्हणजे कमीपणा. सर्दी झाली की फेणी, पोट बिघडलं की फेणी, बाळंतिणीच्या अंगालाही फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात अभिमान वाटला होता, आणि वाटायलाच हवा.

पण तुम्ही म्हणता ते मी घरात बघितलं आहे. आमचे एक काका सकाळी तावेर्नात, म्हणजे दारूच्या दुकानात, एक कोपभर (पेलाभर) घेऊन कामाला जायचे. त्यांना कुणी कधी झिंगलेलं पाहिलं नाही, शिवीगाळ नाही, भांडण नाही. 'सभ्य पितो' म्हणून त्यांचं कौतुकच व्हायचं. पायाला सूज आणि पोटात पाणी झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा घरच्यांनी शपथेवर सांगितलं की हे जास्त घेत नाहीत. कोणी खोटं बोलत नव्हतं.

आणि एक. पर्यटकांना वाटतं तसा गोंयकार सगळा वेळ पिऊन नसतो. ही प्रतिमा आम्हाला दोन्हीकडून मारते. बाहेरचे हसतात, आणि आतले 'आम्हाला बदनाम करतात' म्हणून खऱ्या आजाऱ्याबद्दलही बोलू देत नाहीत.

अमलताश

@खाडीकाठ, काकांचं उदाहरण अगदी नेमकं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातले ३७ टक्क्यांच्या आसपास पुरुष दारू पितात असं आलं, महाराष्ट्रात १४ टक्क्यांच्या आसपास. पण पिणारे जास्त म्हणजे आजारी तेवढ्याच पटीत जास्त, असं सरळ होत नाही. आणि कमी पिणाऱ्या समाजात जो पितो तो बरेचदा चढण्यासाठीच पितो, हेही भारतात ठळक आहे.

उत्तरायण

जपानमधून लिहितोय, बरीच वर्षं योकोहामात आहे. इथलं एक संशोधन या धाग्यात यायलाच हवं.

दारू शरीरात गेली की आधी तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी आहे, आणि ते मोडणारं एक विकर (एन्झाइम) यकृतात असतं. सुमारे ४० टक्के जपानी लोकांत हे विकर जन्मतःच लंगडं असतं. दोन घोटांत चेहरा लालबुंद, धडधड, मळमळ. ज्यांना आई आणि वडील दोघांकडून ही जनुकं आली त्यांना दारू जवळपास पिताच येत नाही. एकाकडूनच आली असेल तर त्रास होतो, पण नेट लावला तर पिता येते. म्हणजे निसर्गाने दिलेलं कवचच की!

आता पुढचं बघा. हिगुची आणि सहकाऱ्यांनी व्यसनासाठी उपचार घेणाऱ्या जपानी रुग्णांत एकाकडूनच ही जनुकं आलेल्यांचं प्रमाण तपासलं. १९७९ मध्ये ते २.५ टक्के होतं, १९८६ मध्ये ८ टक्के, १९९२ मध्ये १३ टक्के. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते काम संपल्यावरचं पिणं. ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून प्यायला जायचं, वरिष्ठाने पेला पुढे केला की नाही म्हणायचं नाही, लाल चेहऱ्याने 'हो हो' करत प्यायचं. वर या लोकांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतर पिणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. शरीर ओरडून नको म्हणतंय आणि माणूस टेबलावरून उठू शकत नाही.

माझ्या इथल्या एका सहकाऱ्याला मी हे डोळ्यांसमोर करताना पाहिलंय. पहिला ग्लास झाला की उठून जायचा, तोंड धुवून यायचा, परत बसायचा. आता नवी पिढी बरीच मोकळी झाली आहे, नाही म्हणते, आणि कुणाला बळजबरीने पाजणं हा छळ मानला जातो.

दुसरी गोष्ट दान्शुकाईची. दारू सोडलेल्यांचे हे गट, त्यांचा देशभरचा संघ १९६३ मध्ये झाला. अमेरिकेतल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसवरूनच कल्पना घेतली, पण दोन गोष्टी बदलल्या. इथे लोक आपलं नाव सांगून बोलतात आणि बायकोमुलं शेजारी बसतात. नवऱ्याचं झालं की बायको उठून तिच्या बाजूने तीच वर्षं सांगते.

एकदिवस

मी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या निनावी गटांचा, सभासद आहे, मुंबईतल्या एका मराठी ग्रुपला जातो. उत्तरायण यांनी लिहिलेलं वाचून विचार करत बसलो.

आमच्याकडे निनावीपणा हा पाया आहे. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर एकमेकांशी बोलत बसले तिथून ही चळवळ सुरू झाली. नाव कळलं तर नोकरी जाईल, अब्रू जाईल, ही भीती तिथेही होतीच. पण आपल्याकडे गंमतच वेगळी. चाळीत, गावात निनावी कोण असतं? मी पितो हे जिन्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त माझ्या तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. पहिल्या मीटिंगला जाताना मला भीती होती ती दारुडा म्हणून ओळखलं जाण्याची नव्हती, ते झालंच होतं. भीती होती, दारू सोडायला निघालाय आणि उद्या पुन्हा पडला तर लोक काय म्हणतील याची. ही भीती मी ग्रुपमध्ये नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकात बघतो. म्हणून एकदा स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला, की माणूस परत येतच नाही.

आणि आमच्या कार्यक्रमात जिच्यावर भरवसा ठेवायला सांगतात त्या 'उच्च शक्ती'बद्दल परदेशी लोक फार वाद घालतात म्हणे, की हे ख्रिस्ती आहे का, धार्मिक आहे का. आमच्या ग्रुपमध्ये कुणाचा विठोबा आहे, कुणाचा पीर, एकजण पक्का नास्तिक आहे आणि तो ग्रुपलाच मोठी शक्ती मानतो. अडलं नाही कुणाचं.

घाटवाट

चर्चा चांगली आहे, पण थोडा वेगळा सूर लावतो. आपल्याकडे दारूला पाप मानलं म्हणून प्रश्न चिघळला. फ्रान्स, इटलीत घरात जेवताना वाइन असते, मुलं लहानपणापासून बघतात, त्यामुळे हपापलेपण नाही. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि प्यायला परवाना लागू लागला. आजही पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. अंधारी खोली, पडदे, घाईघाईत पाणी न घालता नव्वद मिली घशात ओतून बाहेर. याला पिणं म्हणतात का? घरात, कुटुंबासोबत, मर्यादेत प्यायची सवय लागली तर निम्मे प्रश्न सुटतील.

अमलताश

@घाटवाट, अंधाऱ्या खोलीचं तुमचं निरीक्षण मला मान्य आहे. लपून आणि घाईत पिण्याने नुकसान वाढतं, आणि आपल्याकडचा बराच भाग तसाच पितो. पण फ्रान्सचं चित्र इतकं गोड नाही.

विसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्स जगात सर्वात जास्त दारू पिणाऱ्या देशांत होता आणि यकृताच्या सिऱ्हॉसिसने (यकृत निबर होऊन निकामी होण्याने) मरणाऱ्यांतही. रस्त्यात पडलेले लोक फारसे दिसत नव्हते, कारण ते दिवसभर थोडी थोडी पीत होते. खाडीकाठ यांच्या काकांसारखीच तऱ्हा. अवलंबित्व असलेल्या माणसाचे हात थरथरायला मधे दारूविना वेळ जावा लागतो, आणि जिथे नाश्त्यापासून वाइन चालते तिथे ती वेळच येत नाही. मग दुसऱ्या महायुद्धात वाइनचं रेशनिंग झालं आणि पॅरिसमधले सिऱ्हॉसिसचे मृत्यू थोड्याच वर्षांत झपाट्याने खाली आले. युद्धानंतर वाइन परत आली, मृत्यूही परत चढले. ज्यांना कुणी व्यसनी म्हणत नव्हतं असे किती लोक त्यात होते, हे त्यावरून कळतं. नंतरच्या दशकांत फ्रेंचांनी आपलं पिणं निम्म्याहून कमी केलं आणि यकृताचे मृत्यूही उतरले. कुटुंबासोबत पिण्याने भांडणं कमी होत असतील, पण यकृत सोबत कोण बसलंय ते बघत नाही.

चांदणवेल

फिनलंडमध्ये राहते. इथे नेमकं उलटं आहे. आठवडाभर कोणी थेंब घेत नाही, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतं ते रविवारपर्यंत. कडक दारू फक्त सरकारी दुकानातून मिळते.

२००४ मध्ये एस्टोनिया युरोपीय संघात आला. तिथून लोक बोटीने स्वस्त दारू भरून आणतील या भीतीने फिनलंडने दारूवरचा कर सरासरी एक तृतीयांश कमी केला. त्याच वर्षी दारूने होणारे मृत्यू ठळकपणे वाढले, आणि सर्वात जास्त वाढले ते बेरोजगार आणि लवकर निवृत्ती घेतलेल्यांमध्ये. काही वर्षांनी कर पुन्हा वाढवावा लागला. इथल्या लोकांचा स्वभाव, थंडी, अंधार यावर मी खूप ऐकलं होतं. पण एका वर्षात ना थंडी बदलली ना स्वभाव, किंमत बदलली.

अमलताश

@चांदणवेल, रशियाचंही तसंच. गोर्बाचेव्ह यांनी मे १९८५ मध्ये दारूविरोधी मोहीम काढली आणि पुरुषांचं सरासरी आयुष्य दोन-तीन वर्षांतच सुमारे ६२ वरून ६५ च्या आसपास गेलं. मोहीम गुंडाळली, देश कोसळला, आणि १९९४ मध्ये ते ५८ च्याही खाली आलं. 'रशियन माणूस पिणारच' असं म्हणणाऱ्यांना पुढचं ठाऊक नसतं. २००३ ते २०१६ या काळात तिथलं दरडोई सेवन ४३ टक्क्यांनी घटलं. रात्रीची विक्री बंद, व्होडकाची किमान किंमत, जाहिरातींवर बंधनं. कुठल्याही समाजाबद्दल 'हे लोक असेच' असं म्हटलं की उपचारांची वाट तिथेच बंद होते. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल दारू त्यांच्या रक्तालाच सोसत नाही हा समज कित्येक पिढ्या चालवला गेला. जमिनी गेल्या, मुलं आईबापांपासून तोडून शाळांत कोंडली, ते सगळं त्या एका समजाखाली झाकलं गेलं.

वैनगंगा

शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. मी गडचिरोलीचा. आमच्याकडेही आदिवासी म्हणजे मोहाची दारू असं समीकरण बाहेरचे लोक बिनधास्त मांडतात.

मोहाचं फूल मार्च-एप्रिलात पहाटे गळतं, बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचतात. ते खातात, साठवतात, विकतात, आणि त्याची दारूही गाळतात. जन्म, लग्न, मरण, पंडुम (आमचे सण), प्रत्येक वेळी आधी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर थेंब सोडायचे, मग वडीलधाऱ्यांनी घ्यायची. कधी घ्यायची, किती, कोणासोबत, हे ठरलेलं होतं. ब्रिटिशांना आबकारी महसूल हवा होता, म्हणून मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मोहफुलांवरच कायदा आणला. घरची दारू गुन्हा आणि ठेकेदाराची दारू कायदेशीर, असा तो न्याय.

आता गावात पन्नी (प्लास्टिकच्या पिशवीतली दारू) येते, पव्वा येतो, टिल्लू (छोटी बाटली) येतो. तो कुठल्या सणाला बांधलेला नाही, मंगळवारी सकाळीही मिळतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या आंदोलनातून आली, आणि तिच्यात सगळ्यात पुढे बायका होत्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था तेव्हापासून यात आहे, २०१६ पासून 'मुक्तिपथ' या व्यसनविरोधी कार्यक्रमाचं काम गावोगाव चालू आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ मध्ये उठली. बंदी असली तरी चोरून दारू येते, हे खरं. पण पलीकडून येणारी बाटली महाग पडते, रस्त्यावर उघडं दुकान नसतं, आणि बायकांना पोलिसांकडे जायला कायद्याचा आधार असतो. ज्यांना हा आधार नको वाटतो त्यांनी एकदा गावात येऊन बायकांशी बोलावं.

आमच्याकडच्या बायकांनी स्वतःच एक फरक केला आहे. पूजेची मोहाची वेगळी, विकायची दारू वेगळी. विकणाऱ्याला दंड, पूजेला मुभा. काही ग्रामसभांनी तसे ठराव घेतले आहेत.

अमलताश

@वैनगंगा, हे फार मोलाचं लिहिलंत. तुमच्या ग्रामसभांनी जो फरक केला त्यावर मानववंशशास्त्रात मोठा वाद झालेला आहे. ड्वाइट हीथ यांनी १९५० च्या दशकात बोलिव्हियातल्या कांबा लोकांचा अभ्यास केला. ते सणावाराला आणि सुट्टीला गोल बसून जवळपास ८९ टक्के अल्कोहोल असलेली दारू प्यायचे, शुद्ध हरपेपर्यंत, आणि तरीही हीथ यांना तिथे व्यसनी किंवा दारूपायी मारामारी करणारा माणूस दिसला नाही. यावरून बरेच जण म्हणू लागले की व्यसन हा पाश्चात्त्यांचाच आजार. मग १९८४ मध्ये रॉबिन रूम यांनी आक्षेप घेतला. मानववंशशास्त्रज्ञ गावाच्या एकोप्याकडे बघायला जातात, म्हणून दारूचा त्रास त्यांना कमी दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण हीथ यांनी गोलात बसलेल्यांकडे जितकं पाहिलं तितकंच घरात वाट बघणाऱ्यांना विचारलं असतं तर काय निघालं असतं, हे मला सतत वाटत राहतं.

मीठभाकर

मी इथे फक्त वाचत असते. आज लिहिते.

माझे मिस्टर गेली कित्येक वर्षं पितात. सासरी माळकरी वातावरण, त्यामुळे घरात दारूचा शब्दही काढायचा नाही. सासूबाई सगळ्यांना सांगतात की त्याला पित्ताचा त्रास आहे. दीर डॉक्टरकडे न्यायला तयार नाहीत, कारण तालुक्याच्या गावात डॉक्टर ओळखीचे. मला एका ओळखीच्या बाईंनी पुडी आणून दिली आहे, पिणाऱ्याला न कळता आमटीत घालायची, पंधरा दिवसांत सुटते म्हणाल्या. अजून दिलेली नाही. नवरात्रात ते स्वतःहून एकदम बंद करतात, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रात्रभर घामाघूम, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात. सासूबाई म्हणतात देवीचा कोप. काय करू?

डॉ_माणगंगा

ताई, पुडी देऊ नका. आजच फेकून द्या.

अशा पुड्यांत बरेचदा डायसल्फिराम असतं. उत्तरायण यांनी वर जपानी लोकांचं जे विकर सांगितलं, तेच हे औषध बंद पाडतं. कोपनहेगनमध्ये १९४० च्या दशकात हाल्ड आणि याकोब्सन यांना जंतांच्या औषधावर काम करताना स्वतःवरच हा परिणाम दिसला. हे औषध पोटात असताना माणूस दारू प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो. औषध बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून दिलं तर हे चांगलं औषध आहे. आमटीतून दिलं तर विष आहे.

दुसरं, त्याहून महत्त्वाचं. रात्रभर घाम आणि भिंतीवर मुंग्या हा देवीचा कोप नाही आणि पित्तही नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, भ्रम, ताप, प्रचंड थरथर सुरू होऊ शकते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसतील तर यात माणूस दगावू शकतो. प्रत्येक वेळी असं एकदम सोडून पुन्हा सुरू केलं की पुढची वेळ आणखी कठीण जाते. म्हणून येत्या नवरात्रात किंवा श्रावणात त्यांना घरच्या घरी, उपचारांशिवाय दारू सोडू देऊ नका. रुग्णालयात पाच-सात दिवस औषधं देऊन हे सुरक्षितपणे करता येतं. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व द्यावंच लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

ओळखीच्या डॉक्टरांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. तालुक्यातलं कोणी भेटण्याची शक्यता कमी. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६, दोन्ही फुकट आहेत. मिस्टर यायला तयार नसले तरी तुम्ही एकट्या जाऊन बोलू शकता.

एकदिवस

मीठभाकर ताई, डॉक्टरांनी सांगितलंय ते तंतोतंत करा. माझ्यावरही अशीच एक पुडी झाली होती, मला नंतर कळलं. घरच्यांवर राग नाही, त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं. घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट असतात, नवरा पीत असला तरी बायको जाऊ शकते. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता उर्फ सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथेही घरच्यांना बोलावून घेतात, कारण त्यांनाही सावरावं लागतं.

चांदणवेल

मीठभाकर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. एक विचारायचं होतं सगळ्यांना. बायका स्वतः पीत असतील त्यांचं काय? पाहणीत १.६ टक्के, पण कुणी घरी येऊन नवऱ्यासमोर विचारलं तर कोण हो म्हणेल?

अमलताश

@चांदणवेल, म्हणूनच या आकड्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. पाहण्यांत लोक जितकी सांगतात त्याची बेरीज विकल्या गेलेल्या दारूपेक्षा बरीच कमी भरते, हा अनुभव अनेक देशांचा आहे. त्यात बाई असेल तर आणखी. मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला तो याच गरजेतून. बाई उपचाराला येते तेव्हा तिच्यासोबत नवरा क्वचित येतो. नवरा दाखल होतो तेव्हा बायको जवळपास नेहमीच असते. इतर केंद्रांत काम करणारे सहकारीही हेच सांगतात.

आता गोव्यातल्या एका प्रयोगाबद्दल, कारण 'उरलेले ३७ कुठे' याचं थोडं उत्तर त्यात आहे. 'संगाथ' संस्थेच्या विक्रम पटेल, अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाठदुखी, आम्लपित्त, रक्तदाब अशा कारणांनी आलेल्या पुरुषांना 'ऑडिट'चे प्रश्न विचारले. दारूसाठी कुणीच आलेलं नव्हतं. ज्यांचे गुण १२ ते १९ भरले त्यांतल्या ३७७ जणांना दोन गटांत विभागलं. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत काही बैठकांचं समुपदेशन मिळालं, आणि ते देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के जण धोक्याच्या पातळीखाली आले, दुसऱ्या गटात २६ टक्के. आधीच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ विरुद्ध १८ टक्के. निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. बायकोवर होणाऱ्या हिंसेत मात्र फरक दिसला नाही, आणि हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. दारू कमी झाली की मारहाण आपोआप थांबेल असं गृहीत धरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

घाटवाट

माहिती पटली. एक व्यावहारिक प्रश्न. या प्रश्नावलीत 'एका वेळी सहा किंवा अधिक पेये' असं आहे. आमचा मित्र म्हणेल, मी तर फक्त दोन घेतो. दोन काय ते कसं ठरवायचं?

वैनगंगा

हेच मलाही विचारायचं होतं. आमच्याकडे पन्नी किती मिलीची हे भरणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दोन गावांत विचारून बघायचं मनात आहे, पण माप काय धरू?

अमलताश

हा खरंच किचकट भाग आहे, कारण 'एक पेय' म्हणजे किती हेही देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ऑस्ट्रेलियात १०, अमेरिकेत १४, जपानमध्ये सुमारे २०. आपण १० धरतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे ३० मिलीचा छोटा पेग जवळपास बरोबर १० ग्रॅमचा. तर @घाटवाट, तुमच्या मित्राचे 'फक्त दोन' हे ६० मिलीचे असतील तर चार झाले. १८० मिलीची क्वार्टर संपवली तर सहा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली चारच्या आसपास जाते, आणि बिअरला दारू न मोजणारे पुष्कळ आहेत.

@वैनगंगा, पन्नीसाठी मी असं करेन. रिकाम्या पन्नीत पाणी भरून ते मोजपात्रात ओतायचं, तीन-चार ठिकाणच्या पन्न्या घेऊन सरासरी काढायची. हातभट्टीची तीव्रता भट्टीगणिक बदलते, तेव्हा ग्रॅमचा आकडा अंदाजाचाच राहील, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहायचं. माणसाला 'किती पेये' असं न विचारता रिकामी पन्नी, पव्वा, टिल्लू, स्टीलचा ग्लास समोर मांडून 'काल यातलं काय काय झालं' असं विचारायचं. कालचं विचारा, 'साधारणपणे' विचारू नका, साधारणपणे सगळेच कमी पितात. दहावा प्रश्न विचारताना 'घरात कोणी काही म्हणतं का' यासोबत 'शेवटचं कोण, कधी आणि काय म्हणालं' हेही लिहून घ्या. आणि शक्य असेल तर बायकांना वेगळं, बाईनेच, विहिरीवर किंवा शेतात विचारावं, अंगणात सगळ्यांसमोर नको.

मापांचा तक्ता माझ्याकडे गोव्याचा आहे, त्यात फेणीचा कोप आणि हुर्राकची बाटली आहे. पन्नी आणि मोहाची मापं तुमच्याकडून आली की त्यात भर घालून इथेच टाकते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.